जळालेल्या मोटरीची कैफियत

पुणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पर्जन्यमानाची उतरंड इतकी तीव्र आहे, की माळशेज आणि भीमाशंकर यांच्या मेघाच्छादित माथ्याखालचा शेतकरी भाताचे तूस वेगळे करण्याच्या चिंतेत असतो, तेव्हा तेथून थोड्याच कोसांवर बेल्हे किंवा पारगाव येथील शेतकरी बाजरीच्या खळ्यावर भुसकट उडवून नेणाऱ्या वाऱ्याची वाट पाहत उभा असतो. पीक निराळे, पाऊस निराळा. परंतु दाणा आणि फोल यांची फारकत करावयाची तर दोघांनाही वाराच लागतो, आणि निसर्गाचा वारा कोणाच्या हुकमतीत नसल्यामुळे मनुष्याने तो आपल्या हाताने निर्माण करण्याची खटपट फार पूर्वीपासून चालविली आहे. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. धान्य पाखडावे लागते, सूप बांबूचे विणावे लागते आणि कासाराची भट्टी भात्यावाचून पेटत नाही; तेव्हा दानधर्माची नोंद ठेवण्यासाठी कोरलेल्या त्या लेखांत वाऱ्यावर पोट भरणारे तीन धंदे एकत्र आले आहेत, ही गोष्ट लेख कोरविणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

आज तो वारा विजेचा पंखा, म्हणजेच ब्लोअर, देतो. पश्चिम पट्ट्यातील भातगिरण्यांत तूस बाहेर फेकणारा, खळ्यावर धान्य उफणणारा, लोहाराच्या भट्टीत भात्याची जागा घेऊन बसलेला, कोंबड्यांच्या शेडमधील कोंदट हवा ओढून घेणारा, आणि ‘विघ्नहर’ व ‘भीमाशंकर’ यांसारख्या साखर कारखान्यांच्या बॉयलरांत बगॅसच्या ज्वालेला हवा पुरविणारा, असा हा पंखा आकाराने आणि सामर्थ्याने कितीही भिन्न असला, तरी त्याची रचना आणि त्याची दुखणी यांचे मूळ एकच आहे. द्राक्षबागाईतदार ज्याला ब्लोअर म्हणतात तो ट्रॅक्टरच्या शक्तीवर फिरणारा फवारणीचा पंखा होय; त्याला मोटरच नसल्यामुळे या प्रकरणातून त्याला रजा देणे इष्ट.

मोटर भरून देणाऱ्या कोणत्याही दुकानात सुगीच्या दिवसांत एक संवाद हमखास कानी पडतो. पिकअपमधून मोटर उतरवीत शेतकरी म्हणतो, “मिस्त्री, एवढी भरून द्या, उद्या सकाळी लावायचीय.” मिस्त्री म्हणतो, “भरून देतो की. पण जळाली कशानं, ते सांगा.” त्यावर उत्तर येते, “आता ते मला काय ठावं? व्होल्टेज नव्हतं म्हणा.” वायरमनला विचारावे, तर तो मोटर जुनी होती म्हणून सांगतो, यंत्र विकणारा व्यापारी वायरिंगकडे बोट दाखवितो. या सर्व जबाबांत सत्याचा थोडाथोडा अंश असतो; मात्र ज्या एका साक्षीदाराने सर्व प्रकार प्रत्यक्ष सोसला, त्याला, म्हणजे त्या मोटरीला, कोणीच काही विचारीत नाही. माझे मत असे आहे, की जळालेली मोटर बहुधा अपराधी नसते. ती फिर्यादी असते, आणि तिची कैफियत ऐकून न घेता तिच्यात नवी तार भरणे म्हणजे खऱ्या आरोपीला पुढच्या गुन्ह्यासाठी मोकळे सोडणे होय.

ही कैफियत समजण्यापुरती मोटरीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बाहेरच्या स्थिर लोखंडी कड्यात, ज्याला स्टेटर म्हणतात, तांब्याच्या इनॅमल दिलेल्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. तीन फेजांची वीज त्यांतून वाहू लागली की कड्याच्या पोकळीत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागते, आणि आतील रोटरला कोणतीही तार जोडलेली नसतानाही ते त्याला आपल्यामागे ओढीत नेते. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची ही कल्पना इटलीचा गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत गेलेला निकोला टेस्ला या दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडून १८८८ साली प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या रशियन अभियंत्याने तीन फेजांवर चालणारी पिंजरा-रोटरची मोटर तयार केली. घासणारा ब्रश नाही, ठिणगी नाही, झिजण्यासारखे काही असेल तर दोन बेरिंगे, अशी ही रचना इतकी निर्वेध ठरली, की आज खळ्यावर फिरणारी मोटर तत्त्वतः तीच आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटरीतील क्षेत्र मिनिटास १५०० फेरे करते आणि रोटर किंचित मागे राहून सुमारे १४४० फेरे करतो. हे मागे राहणे आवश्यकच असते, कारण दोघांचा वेग समान झाला तर रोटरमध्ये वीज उत्पन्न व्हावयाची नाही आणि ओढही लागावयाची नाही.

या मोटरीचा शत्रू एकच, तो म्हणजे उष्णता. तारेवरील इनॅमल आणि खाचांतील कागद यांची एक मर्यादा ठरलेली असते, ‘बी’ वर्गाच्या आवरणाला १३० अंश सेल्सिअस आणि ‘एफ’ वर्गाला १५५. आणि अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा, की मर्यादेच्या वर प्रत्येक दहा अंशांस आवरणाचे आयुष्य निम्मे होते. तेव्हा मोटर जळाली असे आपण म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की कोठून तरी तिच्यात नेमस्तापेक्षा अधिक उष्णता शिरली, किंवा जी नित्य उत्पन्न होते तिला बाहेर पडण्यास वाट राहिली नाही.

ती कोठून शिरली याचा पंचनामा मोटर उघडताच करता येतो. दोन्ही बाजूंची झाकणे काढून वेटोळ्यांच्या टोकांकडे पाहावे. सर्व वेटोळी सारखीच काळवंडलेली असतील, तर मोटरीवर दीर्घकाळ अतिभार होता, किंवा व्होल्टेज कमी होते, किंवा तिची हवा कोंडली होती. एकाच खाचेच्या तोंडाशी तांबे वितळून गोळी झाली असेल आणि बाकीचे वायंडिंग स्वच्छ असेल, तर ओल, उंदराचे दात किंवा भरताना खरवडलेले इनॅमल यांपैकी काहीतरी तेथे घडले. परंतु सर्वांत बोलकी खूण तिसरी आहे. कड्याभोवती फिरत पाहावे तो वेटोळ्यांचे काही गट कोळसा झालेले आणि त्यांच्यामधले काही गट जणू आजच भरल्यासारखे तांबूस, ही रांगोळी नियमित अंतराने दिसली, की एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली यात तिळमात्र संशय ठेवू नये. स्टार जोडणीच्या मोटरीत तीनांपैकी दोन फेजांचे गट जळतात आणि एकाचे वाचतात. डेल्टा जोडणीत एकाचे जळतात आणि दोघांचे वाचतात. लहान मोटरींची जोडणी बहुधा स्टार असते, मोठ्यांची डेल्टा. ही नोंद केल्यावाचून जो मिस्त्री जुनी तार छिन्नीने तोडून भंगारात टाकतो, तो मुद्देमालच नष्ट करतो.

फेज जाण्याचा हा प्रकार या भागात इतका सार्वत्रिक आहे, की त्याची हकीकत सविस्तर सांगणे प्राप्त आहे. ज्याला सारे गाव डीपी म्हणते त्या रोहित्रावर तीन फ्यूज असतात. त्यांतील एक उडाला, किंवा वाऱ्याने फांदी पडून खांबावरची एक तार सुटली, की दोन फेज शिल्लक राहतात. उभी असलेली मोटर अशा वेळी सुरू होत नाही, नुसती घुमते, आणि सावध मनुष्य ताबडतोब बटण दाबून तिला बंद करतो. पण जी आधीच फिरत आहे ती फिरतच राहते. तिचा वेग किंचित उतरतो, आवाज किंचित जड होतो, आणि तेवढेच काम दोन तारांवर उरकण्यासाठी त्या तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती तिप्पट होते, आणि काही मिनिटांतच वार्निशाचा तो ओळखीचा उग्र वास दरवळू लागतो. येथे एक फसवणूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोटर चालू असताना टेस्टर लावून पाहिला, तर गेलेल्या फेजावरही दिवा लागतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच त्या तुटलेल्या फेजात वीज उत्पन्न करून परत पाठवीत असते. म्हणून टेस्टरच्या दाखल्यावर विसंबून फेज बरोबर आहेत असा निर्वाळा देणारा वायरमन प्रामाणिक असूनही चुकतो. मोटर बंद करून मगच तपासावे, किंवा क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांतील अँपिअर मोजावेत. गेलेल्या फेजात अँपिअर शून्य दिसतात, आणि त्या शून्याला फसविता येत नाही. एक फेज जाताच मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर विकत घेतानाही याच कारणास्तव केवळ व्होल्टेज पाहणाऱ्यापेक्षा प्रवाह पाहणारा घ्यावा.

या दोषाला आणखी एका व्यवस्थेने खतपाणी घातले आहे. शेतीला तीन फेजांची वीज चक्राकार पद्धतीने, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी मिळत आली. आणि जुन्नर वनविभागाच्या हद्दीत बिबट्याचा वावर इतका, की माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. अशा मुलखात रात्री वीज आली म्हणून उसाच्या कडेने बॅटरी घेऊन स्टार्टरपर्यंत जाण्याचे धाडस कोणी करावे? त्यावर शेतकऱ्यांनी ऑटोस्विचची तजवीज केली: वीज आली की मोटर आपोआप सुरू. तजवीज रास्त आहे, आणि दिवसा वीज मिळावी ही मागणी त्याहून रास्त. परंतु ऑटोस्विच हा आज्ञाधारक असला तरी आंधळा नोकर आहे, आणि फेज अपुरा असो वा व्होल्टेज खचलेले असो, तो मोटरीला पुनःपुन्हा धक्का देतच राहतो. विहिरीवरच्या पंपांची ही कथा गावाबाहेरच्या भातगिरणीलाही लागू पडते, कारण दोहोंना वीज बहुधा त्याच वाहिनीवरून मिळते.

व्होल्टेज खचण्याचा परिणाम पंख्याच्या मोटरीवर नेमका काय होतो, हे आकड्यांनी पाहिले म्हणजे त्याची तीव्रता पटते. मोटरीची फिरविण्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वाहिनीच्या शेपटाकडील वस्तीत ४०० व्होल्टांऐवजी ३२० मिळाले, म्हणजे व्होल्टेज चार-पंचमांश झाले, की शक्ती शंभरावरून चौसष्टावर येते. आता मोठ्या ब्लोअरला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. त्याच्या स्टार स्थितीत मुळातच एक-तृतीयांश शक्ती मिळते. चौसष्टाचा तिसरा हिस्सा एकवीस. शंभराच्या जागी एकवीस एवढ्या बळावर ते जड लोखंडी चाक गतीला आणावयाचे म्हटल्यावर ते आळसावल्यासारखे अर्ध्या वेगापर्यंत येते आणि तेथेच रेंगाळते, आणि जोवर रेंगाळते तोवर मोटर जवळजवळ सुरुवातीच्या स्थितीतलाच भारी प्रवाह घेत राहते. थेट विजेवर सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. सहा पट धरला तर उष्णता छत्तीस पट झाली. दोन-तीन सेकंद ती सोसण्याजोगी असते, अर्धा मिनिट नव्हे. म्हणून ज्या मोटरीचा वेग पूर्ण येत नाही ती ‘येईल हळूहळू’ म्हणून चालू ठेवणे हा शुद्ध अविचार आहे.

ओव्हरलोड रिले नावाचे जे उपकरण स्टार्टरच्या डब्यात असते, ते नेमके याच प्रसंगासाठी. पाच अश्वशक्तीच्या मोटरीची पूर्ण भाराची धारा सुमारे साडेसात अँपिअर असते, आणि रिलेचा काटा तिच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर ठेवावयाचा असतो. परंतु रिले वारंवार पडू लागला, की त्याचा काटा शेवटच्या खुणेपर्यंत फिरविणे, आणि तरी पडला तर त्याला तारेचा तुकडा जोडून बगल देणे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमचा जाड पेड गुंडाळणे हे तिचेच भावंड. पहारेकऱ्याने आरोळी दिली म्हणून पहारेकऱ्याचेच तोंड बांधावे, तशी ही गोष्ट आहे. स्टार्टरच्या डब्याविषयी आणखी एवढेच, की तो महिन्यातून एकदा वीज तोडून उघडावा. उबेच्या आशेने आत शिरलेली पाल दोन संपर्कांच्या मध्ये चिरडून एक फेज तोडते, हा प्रसंग विनोदी वाटला तरी खेड्यापाड्यांत मोटरी त्याने जळतात.

येथवर वीजपुरवठ्याची तपासणी झाली; आता वाऱ्याच्या बाजूस वळावे, कारण ब्लोअर हे यंत्र इतर यंत्रांहून येथेच वेगळे आहे आणि अनुभवी कारागीरही येथेच गोंधळतात. शंखाकार कवचात फिरणाऱ्या चाकाच्या ब्लोअरचे तोंड बंद केले, तर मोटरीवर ताण वाढेल असे कोणालाही वाटेल. वस्तुतः तो उतरतो. चाकाचे काम हवेला ढकलण्याचे. हवा जाईनाशी झाली की आतल्या आत तीच हवा घुसळत राहते आणि नवी हवा उचलण्याचे श्रम वाचतात. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवला की त्याचा आवाज एकदम वर चढतो, तो मोटर कष्टी झाली म्हणून नव्हे, तर तिचा भार उतरून ती अधिक वेगाने पळू लागली म्हणून. याच्या उलट, भातगिरणीच्या ब्लोअरला लावलेली लांब नळी काढून टाकली, किंवा ती मध्येच फाटून हवा मोकळी सुटू लागली, की तोच ब्लोअर भरमसाट हवा फेकतो आणि मोटर अतिभाराने तापते. सरळ पात्यांच्या आणि पुढे वळलेल्या पात्यांच्या चाकांत हा दोष विशेष. मागे वळलेल्या पात्यांचे चाक या बाबतीत समंजस असून एका मर्यादेपलीकडे भार घेत नाही. तेव्हा दुरुस्तीनंतर ब्लोअर नळीवाचून उघडाच चालवून पाहिला आणि रिले पडला, तर मोटर बिघडली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी नळी जोडून किंवा झडप अर्धी लावून पाहावी. मात्र या नियमाला दोन अपवाद आहेत. कोंबड्यांच्या शेडमधील भिंतीवरचा पात्यांचा पंखा, जो हवेला सरळ पुढे ढकलतो, त्याची रीत बरोबर उलटी असते. त्याची झापडे पिसांनी आणि धुळीने गच्च होऊन उघडेनाशी झाली की त्याच्या मोटरीवरचा भार खरोखरीच वाढतो. दुसरा अपवाद ज्या मोटरी ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड होतात त्यांचा: भार कमी झाला तरी हवा कोंडल्यामुळे त्या तापतात.

वेगाचा नियम याहून कठोर आहे. पंख्याचा वेग वाढविला तर हवा त्याच प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. तूस जरा लांब पडावे म्हणून कोणी मोटरीवर किंचित मोठी पुली बसविली आणि चाकाचा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर शक्ती ३३ टक्क्यांनी अधिक लागते. वीस टक्के वाढला, तर ७३ टक्क्यांनी. पाच अश्वशक्तीच्या मोटरीकडून साडेआठ अश्वशक्तीचे काम घेतल्यावर ती आणखी किती काळ टिकावी? पुली बदलल्याची गोष्ट मालकाला दुय्यम वाटते आणि तो ती सांगत नाही, म्हणून मिस्त्रीने ती आपण होऊन विचारली पाहिजे.

तिसरी गोष्ट दिशेची. तीन फेजांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाण्यावरून संशय येतो. ब्लोअरच्या बाबतीत मात्र मनुष्य सहज फसतो, कारण शंखाकार कवचातील चाक उलटे फिरले तरी वारा त्याच तोंडातून बाहेर येतो, फक्त पुष्कळ कमी. डीपीवर किंवा लाईनवर काम झाल्यानंतर भट्टी पूर्वीसारखी पेटेना, तूस जवळच पडू लागले, आणि मोटर मात्र सुरळीत चालत आहे, अशी तक्रार आली तर बेरिंग, पाती, वायंडिंग यांच्या मागे न लागता प्रथम कवचावरील बाणाकडे पाहावे. ज्या ब्लोअरवर बाण रंगविलेला नाही, त्यावर तो मालकाने स्वतः रंगवून घ्यावा. ठसठशीत पांढऱ्या रंगाने.

पात्यांची झीज आणि बेरिंगे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. भाताच्या तुसात सिलिकेचा अंश मोठा असल्यामुळे ते कानशीसारखे पाती खाते, बॉयलरच्या धुरातील राखही तेच करते; झीज असमान झाली की चाकाचा तोल जातो, थरथर सुरू होते, आणि तिचा भुर्दंड बेरिंगाला पडतो. पट्टा अति ताणला तर पुलीकडचे बेरिंग आधी जाते. ग्रीस मात्र माफक भरावे. अधिक भरल्याने बेरिंग थंड राहते हा समज खोटा असून कोंबून भरलेले ग्रीस घुसळून उलट तापते.

एका फेजावर चालणारा लहान ब्लोअर, जो लोहाराच्या भट्टीला बहुधा असतो, त्याची तपासणी सोपी आहे. एका फेजाचे क्षेत्र आपण होऊन फिरत नाही, त्याला पहिला धक्का देण्यासाठी कपॅसिटर जोडलेला असतो. मोटर घुमते पण फिरत नाही, आणि काडीने पाती ढकलताच ज्या दिशेला ढकलली त्या दिशेला चालू लागते, अशी स्थिती असेल तर मुख्य वायंडिंग शाबूत आहे. दोष कपॅसिटरमध्ये, सुरुवातीच्या वायंडिंगमध्ये किंवा वेग आल्यावर ते तोडणाऱ्या आतील स्विचमध्ये आहे, आणि तिघांत कपॅसिटर स्वस्त असल्याने तपास तेथून सुरू करावा. त्याच्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड आणि मीटरवर येणारे यांत मोठी तफावत असेल तर तो बदलावा. वीज तोडल्यावरही कपॅसिटरात भार शिल्लक राहतो; दोन टोकांवर जुना तारेचा बल्ब क्षणभर टेकवून तो उतरवावा, पेचकसाने ठिणगी पाडण्याचा पराक्रम करू नये. मोटर अजिबातच निःशब्द असेल, तर दोष बहुधा बाहेर, पिन, स्विच किंवा तुटलेल्या तारेत असतो. आणि घरातील सर्वच उपकरणे एकाएकी झगमगून जळू लागली, तर तो मोटरीचा प्रश्नच नव्हे: न्यूट्रल तुटला आहे, एका फेजाच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टांपर्यंत वीज शिरू शकते, आणि पहिले कर्तव्य मुख्य स्विच बंद करण्याचे.

आळेफाट्यास, जेथे पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता एकमेकांस छेदतात, तेथे थांबणाऱ्या मोटारगाड्यांतही एक ब्लोअर असतो. तो केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुळीच चालत नाही, अशी तक्रार असेल, तर बऱ्याच गाड्यांत मोटर निर्दोष असते. वेग कमी करणारी रोधक तार जळालेली असते, आणि मोठ्या वेगावर वीज त्या तारेला वगळून थेट जाते.

गाडीच्या ब्लोअरमध्ये आणि हातात धरून धूळ उडविण्याच्या ब्लोअरमध्ये ब्रशची मोटर पुष्कळदा असते, आणि ब्रश म्हटला की ठिणगी आली. ठिणगी ही प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही फेकते. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची जी महाकाय दुर्बीण उभारली, ती आकाशस्थ पदार्थांकडून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या अतिक्षीण लहरी टिपते. तिच्या परिसरातील विजेच्या तारांवरचा एखादा सैल जोड तडतडू लागला तर तोही त्या श्रवणात व्यत्यय आणू शकतो. ज्या गोष्टीचा खगोलशास्त्रज्ञांना उपद्रव होतो तिचा मिस्त्रीला उपयोग करून घेता येतो: साधा मीडियम वेव्हचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावून स्टार्टर, मीटर आणि जोडांजवळून फिरवावा, तडतड जेथे वाढेल तेथे कोठेतरी ठिणगी पडत आहे. पिंजरा-रोटरच्या मोटरीत ब्रश नसल्यामुळे तिच्याजवळ तडतड ऐकू आली, तर ती खासच सैल जोडाची.

पश्चिम पट्ट्यातल्या गिरण्यांना ओलीचा त्रास निराळा आहे. भीमाशंकरच्या बाजूला चार महिने भिंती पाझरतात, आणि बंद पडून राहिलेल्या मोटरीचे वायंडिंग दमट हवा शोषून घेते. दिवाळीच्या सुमारास भात आले की मालक थेट बटण दाबतो, आणि वर्षभर निर्दोष असलेली मोटर पहिल्याच क्षणी खाचेत फुटते. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टांवर वायंडिंग आणि सांगाडा यांमधील रोध मोजावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी भरला, तर झाकणे काढून आत बल्ब लावून मोटर दिवसभर सुकवावी आणि पुन्हा मोजावे. एवढ्याने पुष्कळ मोटरी भरण्याचा खर्च वाचतो.

भरण्याची वेळ आलीच, तर जुन्या वायंडिंगचे वेढे, तारेचा गेज, एका वेटोळ्याने किती खाचा ओलांडल्या ते अंतर आणि जोडणी ही चार कलमे वहीत टिपून मगच तार तोडावी. गेज मिळाला नाही म्हणून बारीक तार वापरली की रोध वाढतो, वेढे कमी घातले की लोखंड चुंबकत्वाने तुडुंब होऊन रिकामी मोटरसुद्धा जास्त अँपिअर घेते. आणि घाईपोटी वार्निश पाजून भट्टीत सुकविण्याचे टाळले, तर तारा एकमेकींवर घासत राहून सहा महिन्यांत ती मोटर त्याच दुकानात परत येते.

भरून आलेली मोटर बसविल्यावर तिन्ही तारांतील अँपिअर मोजून पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावेत. ते परस्परांशी जवळजवळ समान असले पाहिजेत. व्होल्टेजमध्ये एक टक्का विषमता असली तर प्रवाहात सहा ते दहा टक्क्यांची विषमता उत्पन्न होते, म्हणून थोडा फरक पाहून घाबरू नये. परंतु एक तार इतरांपेक्षा ठळकपणे अधिक घेत असेल, तर दोष वीजपुरवठ्याचा की वायंडिंगचा हा जुना कज्जा पुन्हा उभा राहतो, आणि तो सोडविण्याची रीत अशी. वीज तोडून मोटरीच्या तिन्ही तारा एक-एक घर पुढे सरकवाव्यात: पहिलीच्या जागी तिसरी, दुसरीच्या जागी पहिली, तिसरीच्या जागी दुसरी. तिन्ही एकदम सरकल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. मग पुन्हा मोजावे. जास्तीचे अँपिअर स्टार्टरच्या त्याच घरावर राहिले, तर दोष वरून येणाऱ्या विजेचा आहे आणि तक्रारीचा अर्ज महावितरणच्या कचेरीत द्यावा. ते मोटरीच्या तारेबरोबर पुढच्या घरात गेले, तर दोष वायंडिंगमध्ये आहे आणि मोटर त्याच दिवशी मिस्त्रीकडे परत न्यावी.